दीडशे दुकानांचं गाव

«ताई, नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. वय २८. लग्नाआधी नागपूरला एका छापखान्यात चार वर्षं डिझाइनचं काम केलं. इथे आल्यावर वाटलं, आपलं स्वतःचं काहीतरी सुरू करावं. एक मोठं कार्ड छापायचं, त्यावर गावातल्या १२ दुकानांच्या जाहिराती घ्यायच्या आणि पोस्टाच्या डायरेक्ट पोस्ट सेवेतून, म्हणजे पत्ता न लिहिता, ते गावात आणि आसपासच्या खेड्यांत ३००० घरी पोचवायचं, असं डोक्यात आहे. एका जागेचे १५०० रुपये ठेवले. छपाई आणि टपाल मिळून कार्डामागे ५ रुपये ६० पैसे खर्च येतो, असं विचारून ठेवलंय. १९ दिवसांत ४१ दुकानं फिरले. दोघांनी हो म्हटलं, त्यातले एक माझे मावससासरे. बाकीच्यांचं ‘पाहू ना मंग’, ‘दिवाईनंतर या’, ‘व्हॉट्सॲपवर टाका’, ‘मालक नाही आहे’. दोन ठिकाणी ‘मिस्टरले पाठवा’ म्हणाले. एका हार्डवेअरवाल्याने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारलं, ‘कागद कोन वाचते आता?’ मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन रडले. सासरे म्हणतात, हे बायामाणसाचं काम नाही. यूट्यूबवर सांगतात, रोज ५० दुकानं करा, शंभरात पाच मिळतातच. मी फिरायला कमी पडते का? की सोडूनच देऊ?»

अगं, सोडू नकोस. पण पुढचे चार दिवस एकाही दुकानाची पायरी चढू नकोस. घरी बस, वही काढ आणि आधी हिशेब कर. तुझ्या पत्रात मला सगळ्यात काळजी वाटली ती हार्डवेअरवाल्याच्या बोलण्याची नाही, तुझ्या आकड्यांची.

बारा जागा, प्रत्येकी १५००. सगळ्या गेल्या तर १८,००० रुपये. कार्डामागे ५ रुपये ६० पैसे धरले तर ३००० कार्डांचे १६,८००. हाती राहिले १२००. एकोणीस दिवस उन्हापावसात फिरलीस, अजून फिरशील, गाडीत पेट्रोल तुझं, डिझाइन तुझं, आणि बाराच्या बारा जागा भरल्या तरच हे १२००. एक जागा रिकामी राहिली की ३०० रुपये पदरचे जातील. मला वाटतं, दुकानात शिरताना तुझ्या मनाला हे कुठेतरी टोचत असणार, कारण आपलंच पोट भरत नसलेला भाव सांगताना आवाज खाली जातो. मी स्वतः सुरुवातीला असाच भाव सांगत होते.

कार्डाच्या दोन्ही बाजू घे. ए-फोर आकारात एका बाजूला आठ असे सोळा चौकोन बसतात, प्रत्येक चौकोन पत्त्याच्या पानापेक्षा जरा मोठा. त्यातले तेरा विकायचे आणि तीन तुझ्याकडे ठेवायचे. त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते. चौकोनाचे २००० ठेव. सगळे याच भावाने धरले तर नवव्या चौकोनाला खर्च निघून १२०० वर येतात आणि तेराही गेले तर ९,२०० सुटतात. कागद ३०० जीएसएमचाच घे, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम. त्याचं ए-फोर कार्ड १९ ग्रॅमच्या आत बसतं. ३५० चा घेतलास तर २२ च्या आसपास जातं, आणि टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. छापखान्यात काम केलेलीला हे सांगायची गरज नाही, पण छापणारा ‘जाड घ्या, छान दिसते’ म्हणेल, तेव्हा वजनकाटा विसरू नकोस. दर वाढवला म्हणून ज्या दोघांनी आधी हो म्हटलंय त्यांना जुन्याच भावात ठेव. दिलेला शब्द पाळला जातो, हे त्यांनी चार लोकांत सांगितलं तर ते ५०० रुपयांपेक्षा जास्त मोलाचं.

२००० भागिले ३००० म्हणजे दुकानदाराला घरामागे ६७ पैसे. साधं पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळतं, ते कोरं. पोस्टानेच २००२ मध्ये मेघदूत नावाचं पोस्टकार्ड काढलं होतं, पत्त्याच्या बाजूला जाहिरात आणि किंमत २५ पैसे, साध्या कार्डाच्या निम्मी. टपालासोबत जाहिरात घरात शिरते, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. दुकानदाराला हे ६७ पैसे सांग. २००० ऐकून त्याच्या कपाळावर आठी येते, घरामागचे पैसे ऐकल्यावर तो मनात मोजायला लागतो.

आता त्या ५० दुकानांच्या गणिताबद्दल. ते गणित जिथे दुकानं संपत नाहीत तिथलं आहे. पुण्यात एका रस्त्यावर नाही म्हटलं तर पुढचा रस्ता असतो. तुझ्या गावात बसस्टँडपासून बाजार चौकापर्यंत आणि तिथून मेनरोडच्या टोकापर्यंत मोजलीस तर दीडशेच्या आसपास दुकानं भरतील. त्यातली जाहिरातीवर पैसा घालू शकणारी निम्मीही नसतील. रोज ५० केलीस तर तीन दिवसांत गाव संपेल, आणि चौथ्या दिवशी तीच माणसं तुला भाजीच्या ठेल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकाशी भेटतील. तिथे तू ‘ती जाहिरात मागणारी’ झालीस की परत जाणं अवघड. म्हणून तू कमी फिरलीस असं मला वाटत नाही. एकेका दारी तू एकदाच गेलीस आणि पहिल्याच भेटीत पैसे मागितलेस. माझ्या मते चुकलं ते एवढंच. ते दुरुस्त होण्यासारखं आहे, कारण ४१ पैकी तोंडावर ‘नाही’ फार थोड्यांनी म्हटलंय.

मी २२ वर्षं जाहिराती गोळा केल्या. वर्धा, यवतमाळ आणि अमरावती, तिन्ही जिल्ह्यांत, बहुतेक एसटीने. आधी एका साप्ताहिकासाठी, मग स्वतःच्या पत्रकांसाठी. माझ्या वहीत एखाद्या दुकानदाराने पहिल्या भेटीत जाहिरात दिल्याची नोंद मोठ्या मुश्किलीने सापडेल. तिसऱ्या भेटीत दिलेल्यांनी पानं भरलीत.

पहिल्या भेटीला कार्ड, दर, पावतीपुस्तक काहीच नेऊ नकोस. वही आणि पेन ने, आणि एकच प्रश्न विचार: ‘काका, कोणत्या गावचं गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नाही?’ ‘येतं’ नाही, ‘येत नाही’. दुकानदाराला हे रात्री झोपेत विचारलं तरी सांगता येतं. तो म्हणेल, नदीपलीकडची चार गावं पूर्वी आपल्याकडे यायची, पूल झाला तशी दुसऱ्या बाजाराला जातात. किंवा म्हणेल, त्या पट्ट्यातल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंगला सगळे जिल्ह्याला नेतात, मी इथे बसलोय हे त्यांना ठाऊकच नाही. हे सांगताना त्याचा चेहरा बघ. तू त्याला काही विकायला आलेली नाहीस, त्याची सल ऐकायला आली आहेस, आणि गेल्या कित्येक वर्षांत ती कोणी विचारली नसेल. गावांची नावं लिहून घे, दुकानात काय जास्त खपतं ते लिही, बोर्डाचा फोटो काढू का म्हणून विचार, आणि निघ. चहा दिला तर पी.

डाक नेमकी इथेच कामाला येते. पेपरात पत्रक टाकलं तर जिथे पेपर जातो तिथेच जातं, आणि आपल्या खेड्यांत पेपर घेणारी घरं किती, ते तुला माहीत आहे. ऑटोवर भोंगा लावून फिरवला तर शेतात असलेल्या माणसाला तो ऐकूच येत नाही. डायरेक्ट पोस्टमध्ये पत्ता लिहायचा नसतो, भाग निवडायचा असतो. कोणत्या भागात किती नग, एवढं तू सांगायचं, आणि पोस्टमन त्या भागातल्या घरांत टाकतो. म्हणजे ‘नदीपलीकडची चार गावं’ हे तुझ्या वहीतलं वाक्य थेट टपालाच्या थैलीत उतरवता येतं.

त्यासाठी पिनकोड नीट समजून घे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि ती पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने, जे संस्कृतचे कवीही होते. आपल्या विदर्भाचे पिन ४४ ने सुरू होतात, आणि शेवटचे तीन आकडे वाटपाचं पोस्ट ऑफिस सांगतात. पण एका पिनखाली खूप खेडी असतात, कारण उपडाकघराच्या हाताखाली शाखा डाकघरं चालतात. तेव्हा तुझ्या उपडाकघरात जाऊन पोस्टमास्तरांना शाखा डाकघरांची आणि त्यांच्या गावांची यादी माग. प्रत्येक गावात घरं किती, हे ग्रामीण डाक सेवकाला विचार. कोणत्या घराला कुलूप लागलंय आणि कोणतं कुटुंब वीटभट्टीवर गेलंय, तेही त्याला तोंडपाठ असतं. त्याच्याशी नीट ओळख कर, वर्षभर काम त्याच्याच पायांवर चालणार आहे. राखीच्या आठवड्यात आणि त्याच्या आगेमागे मोठं टपाल देऊ नकोस, तेव्हा पाकिटांनी थैल्या फुगलेल्या असतात. दर आणि कमीत कमी नग किती लागतात, हे टपाल द्यायच्या आधी एकदा लेखी घे. तोंडी ऐकलेल्या आकड्यावर दुकानदाराला भाव सांगू नये.

दुसऱ्या भेटीला चार-पाच दिवसांनी जा आणि तेव्हा तुझी खरी ताकद ने: डिझाइन. त्याच्या बोर्डाच्या फोटोवरून, त्याच्याच रंगात, त्याचा चौकोन तयार करून कागदावर छापून ने. मोबाइलवर दाखवू नकोस, हातात दे. स्वतःच्या दुकानाचं नाव छापलेलं हातात आलं की माणूस ते वाचतो, मग चूक काढतो, मग म्हणतो, ‘फोन नंबर मोठा पाह्यजे होता जी.’ चूक काढली की समज, तो आता तुझ्याबरोबर काम करायला लागलाय. दुकानात काय मिळतं याची लांबलचक यादी कार्डावर देऊ नकोस. एकच वस्तू दे, आणि पत्ता खुणेने सांग: देवळासमोर, जुन्या जिनिंगच्या बाजूला, बँकेच्या खाली. खेड्यातला माणूस ‘प्लॉट नंबर’ शोधत येत नाही. अक्षर म्हातारीला चष्म्याविना दिसेल एवढं ठेव.

पैशाचं तिसऱ्या भेटीत. निम्मे आगाऊ, निम्मे कार्ड घरात पडल्यावर. छापलेलं पावतीपुस्तक ठेव, यूपीआयने आले तरी पावती फाड. मावससासऱ्यांनाही दे, पूर्ण रकमेची. आणि पावतीवर लिही की अमुक तारखेपर्यंत कार्ड पोस्टात पडलं नाही तर आगाऊ रक्कम परत.

वेळेचं सांगते, कारण यात मी फार मार खाल्लाय. सकाळी बोहनीच्या आधी कुणाच्याही दुकानात पैशाची गोष्ट घेऊन जाऊ नकोस. बोहनी व्हायच्या आधी पैसे मागायला आलेलं माणूस दुकानदाराच्या डोक्यात दिवसभर राहतं. बाजाराच्या दिवशी जाऊ नकोस. दुपारी मालक जेवायला घरी जातो आणि गल्ल्यावर पोरगा असतो. ‘मालक नाही आहे’ हे तेव्हा खरंच असतं, त्यात अपमान काही नाही. अकरा ते साडेबारा आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधीचा एक तास, एवढाच तुझा वेळ. बोलताना गिऱ्हाईक आलं तर स्वतःहून बाजूला हो, अर्धा तास उभं राहावं लागलं तरी. मी एकदा एका कापड दुकानात दोन साड्यांचा सौदा होईपर्यंत उभी राहिले, आणि बाई ‘पदर कोणता बरा’ म्हणून मलाच विचारू लागल्या. जाहिरात त्याच दिवशी मिळाली, पण मुद्दा तो नाही. दुकानदाराने बघितलं की मला त्याच्या गिऱ्हाइकाची किंमत कळते.

आता कोणाकडे जायचं. तुझ्या ४१ मध्ये किराणा आणि डेली नीड्स किती होते? माझा अंदाज, निम्मे. त्यांना सोड. साखरेच्या किलोमागे त्यांना जे सुटतं त्यातून २००० वसूल व्हायला किती किलो विकावे लागतील, आणि त्यांचं गिऱ्हाईक तर खात्यावरच बांधलेलं. एका गिऱ्हाइकामागे बरं सुटतं अशांकडे जा. चष्मेवाला घे: समजा एका चष्म्यामागे त्याला ४०० राहतात, तर पाच चष्म्यांत कार्डाचे पैसे निघाले. मांडव-गाद्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्राला एक लग्न पुरतं. फर्निचर, सराफ, दुचाकीचं शोरूम, मोटर रिवाइंडिंग, आरओ बसवणारा, टायपिंग-कॉम्प्युटरचे क्लास, ब्यूटी पार्लर. घरावर सोलर बसवणारे तर हल्ली स्वतः गिऱ्हाईक शोधत फिरतात, कारण २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत अनुदान आहे आणि खेड्यातल्या माणसाला त्याची प्रक्रिया समजावून सांगणारं कोणी लागतं. त्यांचा चौकोन विकण्याआधी ते नोंदणीकृत विक्रेते आहेत का ते मात्र बघ.

काही दारं मुळातच बंद आहेत, तिथे वेळ घालवू नकोस. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. डॉक्टरांवरही बंधनं आहेत. दवाखाना नवा सुरू झाला, जागा बदलली, एवढं कळवता येतं, गुणगान नाही. आणि ‘साखर मुळासकट घालवतो’ म्हणणारा कुणी दुप्पट पैसे देऊ करेल, त्याला हात जोड. १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर हमखास इलाज सांगणारी जाहिरात गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तुझ्या कार्डावर विश्वास ठेवून एखाद्या म्हाताऱ्याने इन्सुलिन बंद केलं तर ते तुला सोसवणार नाही.

‘दिवाईनंतर या’ हे उत्तर तू नकार म्हणून लिहिलंयस. कृषी केंद्रवाल्याचं ते उत्तर असेल तर ते शंभर टक्के खरं आहे. जूनमध्ये त्याने बियाणं, खत उधारीवर दिलं. कास्तकाराचं सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास घरात येतं, कापसाची पहिली वेचणी त्याच्या मागेपुढे, आणि उधारी वसूल होते ती त्यानंतर. श्रावणात त्याच्या गल्ल्यात पैसा नसतोच. त्याच्या नावापुढे ‘नाही’ पुसून ‘डिसेंबर’ लिही आणि डिसेंबरात खरंच जा. गेलीस की त्याला आठवेल, आपणच बोलावलं होतं.

एका कार्डावर सगळ्या धंद्यांचा हंगाम जुळत नाही, म्हणून वर्षाची तीन कार्डं आधीच ठरव. पहिलं दसऱ्याच्या आधी घरात पडायला हवं, पैसा येण्याच्या थोडं अगोदर, म्हणजे घरात ‘यंदा काय घ्यायचं’ ही चर्चा चालू असताना: कपडे, सराफ, टीव्ही-फ्रिज, दुचाकी, घराला रंग. दुसरं फेब्रुवारीच्या शेवटी, उन्हाळा आणि लग्नसराईचं. तेव्हा कूलर दुरुस्त करणारा आणि त्याच्या बाजूंच्या ताट्या भरून देणारा तुझ्याकडे धावत येईल, बिछायतवाला, मंगल कार्यालय, पत्रिका छापणारे, सगळे त्यात. तिसरं मेच्या मध्याला: शाळेचे कपडे-दप्तरं, क्लास, कृषी केंद्र. आपल्याकडे उन्हापायी शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पालकांच्या हाती थोडे दिवस जास्त असतात. तुझं पत्र पोळ्याच्या आधी आलंय. दसऱ्याला सहा-सात आठवडे आहेत. जमेल, पण आजच मोजायला घे.

आता ते तीन राखीव चौकोन. दुकानांची तेरा नावं कोणी घरात जपून ठेवत नाही, पण ज्यावर कामाचं काही लिहिलंय असा कागद ठेवतात. एका चौकोनात एसटीच्या गाड्यांच्या वेळा, स्टँडवर जाऊन स्वतः उतरवून घेतलेल्या. दुसऱ्यात नंबर: रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, वीज गेली तर १९१२, जनावराच्या दवाखान्याची गाडी १९६२, मुलांसाठी १०९८, शेतीचा सल्ला १८००-१८०-१५५१. तिसरा गावातल्या एखाद्या महिला बचत गटाला फुकट दे, पापड-शेवया करणाऱ्या किंवा शिवण शिकवणाऱ्या. त्या बायका तुझं कार्ड ज्या घरांत पोचवतील तिथे पोस्टमनही जात नाही. आणि वरच्या कोपऱ्यात भोक पाडून घे, खिळ्याला अडकवायला. आपल्या घरांत कॅलेंडरच्या खिळ्याला काय काय लटकलेलं असतं ते आठव.

एका प्रसंगाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वतःची पत्रकं काढायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी नऊ दुकानांचं दिवाळीचं पत्रक छापलं. वाटायचं काम एका माणसाला ठोक दिलं. चार दिवसांनी एका सराफांनी मला बोलावलं आणि टेबलावर फुटाण्याची पुडी ठेवली. पुडी माझ्या पत्रकाची होती, त्यांचंच नाव वर. त्या माणसाने निम्मे गठ्ठे रद्दीत घातले होते. मी तिथे काही बोलले नाही. घरी आले, सोन्याची एक वस्तू मोडली आणि नऊही दुकानांत जाऊन निम्मे पैसे परत केले, काय झालं ते सांगून. तिघांनी ते घेतले नाहीत. सहाजणांनी घेतले, त्यातल्या चौघांनी पुढच्या वर्षी जाहिरात दिली. सराफांनी पुढची अकरा वर्षं दिली.

तेव्हापासून मी दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. टपाल दिल्याची पोस्टाच्या शिक्क्याची पावती घ्यायची आणि तिची झेरॉक्स प्रत्येक दुकानदाराला द्यायची. आणि दर गावात एक ‘साक्षीचं घर’ ठेवायचं: आत्या, मैत्रीण, वर्गातल्या मुलीचं माहेर. कार्ड आलं का, कोणत्या दिवशी आलं, फोन करून विचारायचं आणि वहीत लिहायचं.

कार्ड पडल्यावर आठव्या दिवशी तेराही दुकानांत जा. हे विकण्याच्या भेटीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात, कारण भीती वाटते की दुकानदार म्हणेल, ‘कोनी आलं नाही.’ म्हणू दे. त्यासाठी प्रत्येक चौकोनाचा एक कोपरा कापून आणायचा ठेव: कोपरा आणणाऱ्याला चष्म्याची डबी, कूलरची एक ताटी, ब्लाउजपीस, जे दुकानदाराला परवडेल ते. दुकानात एक डबा ठेवून ये आणि कोपरे त्यात टाकायला सांग. मग मोजायला जा. किती निघतील हे मी सांगणार नाही, आणि कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नकोस. चष्मेवाल्याकडे सात निघाले आणि फर्निचरवाल्याकडे एकही नाही, असंही होईल. फर्निचरवाल्यापाशी बस, चौकोन पुन्हा बघा दोघं मिळून. वस्तू चुकली, गावं चुकली की वेळ? पुढच्या कार्डात त्याला निम्म्या भावात जागा दे. पण शून्य असताना ‘नाव तरी झालं ना’ असं म्हणू नकोस. त्याने नावासाठी पैसे दिलेले नाहीत.

‘एका धंद्याचं एकच दुकान’ हा नियम ठेव, पण त्याचा धाक घालू नकोस. ‘तुम्ही नाही घेतलं तर समोरचे घेतील’ हे शहरातलं वाक्य. आपल्या गावात समोरचा त्याचा साळा असतो, आणि रात्री दोघं एकाच ओट्यावर बसतात.

‘मिस्टरले पाठवा’ म्हणणाऱ्यांना रागावू नकोस, आणि मिस्टरांना पाठवूही नकोस. शांतपणे म्हण, ‘काका, कार्डाचं काम माझंच आहे. त्यांना यातलं काही माहीत नाही.’ आणि वही उघड. एकदा नवरा गेला की पुढची सगळी कामं त्याच्याशीच बोलली जातील आणि तू घरी बसून डिझाइन करशील. सुरुवात कपड्याची, पार्लरची, शिवणक्लासची अशा बायका बसतात त्या दुकानांपासून कर. चार-पाच चौकोन तिथे भरले की बाकीच्यांना दाखवायला काहीतरी हातात असेल. खेड्यांत जाशील तेव्हा नणंद किंवा जाऊ सोबत घे. धंद्याचा नंबर वेगळा ठेव आणि तो सात वाजता बंद कर. सासऱ्यांशी वाद नको. त्यांना पहिल्या कार्डाचा हिशेब दाखव, खर्च आणि जमा, दोन्ही रकाने. पावतीपुस्तक सांभाळायला त्यांनाच दिलंस तर मला आनंद होईल. माझ्या सासऱ्यांनी नऊ वर्षं सांभाळलं.

राहिला हार्डवेअरवाला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुला सुचलं नाही म्हणून वाईट वाटतंय, पण प्रश्न वाईट नव्हता. खेड्यातल्या घरात आता पोस्टमन आणून देतो ते बहुतेक बँकेचं किंवा सरकारी पाकीट. म्हणूनच त्याने हातात दिलेला कागद तिथे अजून उलटून-पालटून बघतात, आणि घरातलं सहावीतलं पोरगं तो आजीला मोठ्याने वाचून दाखवतं. हे तोंडाने पटवायला जाऊ नकोस. पहिल्या कार्डासाठी त्याच्याकडे जायचंच नाही. कार्ड छापून, वाटून झालं, डब्यांतले कोपरे मोजून झाले की मग जा, बोहनीनंतर. खिळ्यांचा एक पुडा घे, पैसे दे, एक कार्ड त्याच्या काउंटरवर ठेव आणि विचार, ‘काका, कोणत्या गावचं गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नाही?’